दुसऱ्या रिंगला उचलणारी बाई

चहा आधी ओतून घ्या, आणि साखर हवी असेल तर तीही आत्ताच मागा. मधेच कोणी उठलं तर माझ्याबद्दल अर्धवट समज करून जाईल. पूर्ण ऐकलंत तरी समज फारसा सुधारणार नाही, पण निदान पूर्ण तरी होईल.

आयटीत नोकरी लागणं म्हणजे तेव्हा काय असायचं, आठवतं ना? बाबांनी धायरीतल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला पेढे वाटले. पाण्याच्या टाकीवरून ज्यांच्याशी बोलणं बंद होतं, त्यांनासुद्धा. नोकरी प्रोबेशनवर आहे, हे मात्र पेढ्यांबरोबर कोणी सांगत नाही. बाबांनीही सांगितलं नाही.

आता माझा स्वभाव. मी दचकते. म्हणजे थोडीशी नव्हे. मागून कोणी "सुजाता" म्हणून हाक मारली, तर मी समोरच्या माणसाला "सॉरी" म्हणते. टेबलावरचा फोन वाजला की माझ्या हातातला चहा सांडतो, आणि हातात चहा नसेल तर शेजारच्याचा सांडतो. शेजारी निखिल बसायचा. त्याने शेवटी झाकणाचा मग आणला.

रुजू झाल्यावर थोड्याच दिवसांत मी आगीची घंटा वाजवली. मला धूर दिसला होता. सगळी इमारत जिन्याने खाली उतरून बाणेरच्या उन्हात उभी राहिली. सिक्युरिटीचे प्रमुख जगताप साहेब, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, नाकाला रुमाल बांधून एकटे वर गेले आणि खाली येऊन म्हणाले, "चहाचं मशीन आहे."

त्या दिवशी आमच्या प्रोजेक्ट मॅनेजर देवधर मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम मूळच्या शनिवार पेठेतल्या. आवाज कधी चढवत नसत. त्याची गरज पडत नसे.

"कुठे लागली होती आग?"

"मॅडम, ती वाफ होती."

"चहाची?"

"हो."

"बरं. तुमच्या घाबरण्याला माझी हरकत नाही. पण यापुढे खात्री करून घाबरत जा. असं अजून एकदा झालं, तर तुमचं कन्फर्मेशन मला पुढे ढकलावं लागेल. आणि पुढे ढकललेलं कन्फर्मेशन कुठे जातं, ते मी आजवर पाहिलेलं नाही. या आपण."

"या आपण" म्हणजे बाहेर जा.

घरी मी यातलं काही सांगितलं नाही. पेढे परत कसे घेणार?

आमचं प्रोजेक्ट काय होतं, तेही सांगायला हवं, कारण माझी फजिती त्यात नीट बसवलेली होती. टेबलावरचा फोन आणि ईमेल यांना एकत्र जोडायचं. तुम्ही जागेवर नसताना फोन आला की यंत्र तो उचलणार, तुमच्या आवाजात चार शब्द ऐकवणार, मग पूं वाजणार, आणि पुढे समोरचा जे बोलेल ते रेकॉर्ड होऊन, ईमेलला चिकटून, तुमच्या कॉम्प्युटरवर येणार. क्लिक करा, ऐका. फोनवर एक लाल दिवा लागणार, आणि ईमेल उघडलात की तो आपोआप विझणार. हे सगळं मी स्वतः बसवलं होतं. तरी पहिल्यांदा फोनला हात न लावता दिवा विझला, तेव्हा मी खुर्ची मागे ढकलून उभी राहिले होते.

क्लायंट अमेरिकेतला. त्याला देण्याआधी आपल्याच मजल्यावर चालवून बघायचं ठरलं, आणि बारीकसारीक सेटिंग माझ्याकडे आली.

यंत्राने किती रिंगांनंतर फोन उचलायचा? मॅडम म्हणाल्या, "तुमच्या बुद्धीला पटेल ते ठेवा."

माझ्या बुद्धीला काय पटलं असेल? फोन जितका कमी वाजेल तितकं बरं! पहिल्या रिंगला मी दचकतेच, तिला इलाज नाही. पण दुसरी पुरी व्हायच्या आत यंत्राने उचललं, तर माझा आणि निखिलचा निम्मा चहा वाचतो. कारण लिहायच्या जागी मी लिहिलं, "ग्राहकाला ताटकळत ठेवू नये म्हणून."

निरोप किती लांब चालेल? भरपूर लांब. बोलता बोलता कोणाचं वाक्य तुटलं तर त्यांना काय वाटेल!

आणि ते चार शब्द. तिथे मला जरा चेव आला. 'मी सुजाता बोलतेय' असं म्हटलं तर प्रोबेशनवरची मुलगी वाटते. त्यापेक्षा मला सेक्रेटरी आहे असं वाटलं तर? म्हणून मी माझीच सेक्रेटरी होऊन बोलले. ऑफिसने अमेरिकन उच्चारांचा क्लास ठेवला होता, तिथलं सगळं शिक्षण नाकात गोळा केलं आणि म्हणाले, "सुजाता इज नॉट अवेलेबल ॲट हर डेस्क." पुढे निरोप ठेवायची विनंती. इतक्या वेळा रेकॉर्ड केलं की शेवटी मला धाप लागली होती, आणि नेमकं तेच राहिलं.

सगळं उत्तम चाललं. शिवाय एक अनपेक्षित सुख झालं. आईचे मिस्ड कॉल बंद झाले.

आमच्या घरची पद्धत अशी होती. आई दुपारी ऑफिसात फोन लावायची, दोन रिंगा द्यायची आणि ठेवायची. अर्थ, डबा खाल्लास का? मग मी घरी दोन रिंगा देऊन ठेवायची. अर्थ, खाल्ला. फोन कोणी उचलत नाही, पैसे पडत नाहीत, आणि आईचा जीव भांड्यात. घरात मोबाईल एकच, तो बाबांच्या खिशात, आणि बॅटरी वाचावी म्हणून बाबा तो बंद ठेवायचे.

आता त्या दोन रिंगा यायच्या बंद झाल्या. मला काय वाटलं असेल? मला वाटलं, आईने आपली मुलगी मोठी झाली हे मान्य केलं! मला भरून आलं. मीही रिंगा देणं थांबवलं.

आणि त्याच सुमाराला ते ईमेल सुरू झाले.

पहिला आला तेव्हा मी जेवून जागेवर येत होते. 'बाहेरून निरोप.' बाहेरचा फोन कुठून आला हे आमच्या टेलिफोन बोर्डावर दिसायचं नाही. नुसतं 'बाहेरून'. मी इअरफोन लावले आणि क्लिक केलं.

कोणीतरी श्वास घेत होतं.

बोलणं नाही. नुसता श्वास, जवळून. मग मागे धप्‌, धप्‌. मग फोन ठेवल्याचा आवाज.

मी इअरफोन काढून ड्रॉवरमध्ये टाकले आणि ड्रॉवरला कुलूप लावलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. श्वास, धप्‌ धप्‌, आणि आता एक लांबलचक कर्कश शिट्टी. तिसऱ्या दिवशी पुन्हा.

एरवी मी तिथेच किंचाळले असते. पण खात्री करून घाबरायचं होतं ना! मी निखिलला ऐकवलं.

"डूड, धिस इज सीरियस," निखिल म्हणाला. निखिल मला डूडच म्हणायचा. "थांब, मी याला स्लो करतो. स्लो केलं की सगळं क्लिअर होतं."

त्याने कुठल्याशा सॉफ्टवेअरमध्ये टाकून वेग निम्मा केला. स्लो केल्यावर तो श्वास एखाद्या गुहेतून आल्यासारखा वाटू लागला. निखिल स्वतःच जरा मागे सरकला.

"धिस इज नॉट अ नॉर्मल पर्सन," तो म्हणाला.

झालं. दोन माणसं घाबरली म्हणजे खात्री झाली! मी जगताप साहेबांकडे गेले. त्यांनी डोळे मिटून तिन्ही निरोप निखिलच्या कॉम्प्युटरवर ऐकले.

"धप्‌ धप्‌ म्हणजे प्रेस शॉप," ते म्हणाले. "माणूस कारखान्यातून फोन करतोय. भोसरीकडचा असेल."

"आणि शिट्टी?"

"शिट्टी हा इशारा असतो." साहेबांनी डोळे उघडले. "म्हणजे तो एकटा नाही."

"कोणाशी वैर?"

"नाही हो साहेब."

"लग्नाला कोणाला नकार दिलाय?"

"मला अजून कोणी विचारलेलंच नाही."

"हं," साहेब म्हणाले. याचीही त्यांनी नोंद घेतलेली दिसली.

त्यांनी गेटवर हुकूम सोडला, सुजाता मॅडमची चौकशी करत जो कोणी येईल त्याला चौकीत बसवायचं आणि आधी साहेबांना कळवायचं. मी आणखी एक बंदोबस्त केला. ईमेलमध्ये असा नियम लावला की बाहेरून आलेला माझा प्रत्येक निरोप परस्पर जगताप साहेबांना जावा आणि माझ्याकडून नाहीसा व्हावा. म्हणजे पुरावाही गोळा होईल आणि मला ऐकावंही लागणार नाही. मला तो नियम फार हुशारीचा वाटला होता.

घरी मी चकार शब्द काढला नाही. आईला कळलं असतं, तर तिने दुसऱ्या दिवशी मला घराबाहेर सोडलं नसतं. पण गंमत अशी, की आईच विचित्र वागायला लागली होती. मला जास्त वाढायची. वाढताना बघत राहायची.

"ऑफिस कसं चाललंय?"

"छान."

"मॅडम?"

"छान."

मग जरा थांबून, "खुर्ची तीच आहे ना गं तुझी?"

माझ्या हातातला घास पडला. हिला कसं कळलं? हिलाही कोणी फोन केला की काय?

"तीच आहे. का?"

"काही नाही. सहज," आई म्हणाली आणि बाबांकडे बघितलं. बाबा ताटाकडे बघत होते.

शेवटी प्रकरण देवधर मॅडमकडे गेलंच. जाणारच होतं. जगताप साहेबांनी पोलिसांत तक्रार द्यायची परवानगी मागितली होती.

मीटिंग रूममध्ये आम्ही चौघं. मॅडम, जगताप साहेब, निखिल आणि मी. टेबलाच्या मधोमध मोठा स्पीकर. मॅडमनी आधी माझ्याकडे बघितलं.

"खात्री केलीत?"

"हो, मॅडम."

"बघा हं. कन्फर्मेशनचा कागद माझ्या टेबलावर आहे. आज संध्याकाळी मला त्यावर काहीतरी लिहायचंय."

निखिलने दुसरा निरोप लावला. श्वास. धप्‌ धप्‌. शिट्टी.

"हा कुकर आहे," मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी बोट वर केलं. "अजून एक होईल." झाली. "आता बंद करतील." स्पीकरमधून गॅसचं बटण फिरवल्याचा टक्‌ असा आवाज आला.

"आणि ते धप्‌ धप्‌ म्हणजे दाण्याचं कूट. खलबत्त्यात," मॅडम म्हणाल्या. "जगताप, तुम्ही घरी कधी जेवता का?"

"जेवतो, मॅडम."

"मग स्वयंपाकघरात कधी जात नसाल."

दोन इंजिनिअर आणि एक सुभेदार, आणि कुकरची शिट्टी कोणालाच ओळखू आली नव्हती! आणि कुकर गॅसवर असताना फोन लावणारी आणि कूट मिक्सरमध्ये न करणारी एक व्यक्ती माझ्या चांगल्या ओळखीची होती.

"बाकीचे निरोप?" मॅडमनी विचारलं.

"आहेत ना. फाइल केलेत," जगताप साहेब म्हणाले आणि कागद पुढे सरकवले. त्यांच्या कॉम्प्युटरला स्पीकर नव्हते. त्यांनी सगळे ईमेल छापून घेतले होते. प्रत्येक कागदावर लिहिलेलं, 'बाहेरून निरोप', शेजारी तो किती लांब आहे ते, आणि खाली कोरा कागद.

"म्हणजे हे कोणीच ऐकलेले नाहीत?"

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी निखिलकडे बघितलं. निखिलने मगाचं झाकण लावलं.

"आज सकाळचा लावा," मॅडम म्हणाल्या. "तो सगळ्यात लांब दिसतोय."

निखिलने साहेबांचं ईमेल उघडून तो लावला. आणि आईचा आवाज, स्वच्छ, सगळी खोली भरून.

"अहो, इकडे या. लागला बघा. तीच आहे."

"कोण?" हे बाबा.

"तीच हो. रोज उचलते. दुसरी रिंग पुरी होऊ देत नाही. टपूनच बसलेली असते मेली."

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. मी स्पीकरकडे बघत राहिले.

"अगं, मग बोल की तिच्याशी."

"काय बोलू? इंग्रजी फाडते. 'सुजाता इज नॉट', म्हणते. रोज तेच. नॉट म्हणजे नाही, एवढं मला कळतं. आपली पोरगी तिथे नाहीच हो. तिची जागा हिला दिलीय."

"असं कसं? रोज जाते की ती."

"जाते कुठे, ते तुम्ही बघितलंय? स्वारगेटपर्यंत जात असेल. बसत असेल तिथे बाकावर डबा उघडून. मी फोन केला तर पूर्वी उलट दोन रिंगा तरी द्यायची. आता त्याही नाहीत. कुठून देणार? परवा विचारलं, खुर्ची तीच आहे ना, तर केवढी दचकली."

"मीठ मागितलं तरी दचकते ती."

निखिलला खोकला आला. बराच वेळ आला.

"मॅडम, बंद करू का?" मी विचारलं.

"चालू द्या," मॅडम म्हणाल्या.

आता आई थेट यंत्राशी बोलू लागली. आवाज मऊ केला होता.

"हॅलो. अहो बाई. ऐकताय ना? तुमच्यावर माझा राग नाही हं. तुम्हालाही घरदार असेल. तुमचा आवाज तर माझ्या पोरीपेक्षा घाबरलेला वाटतो. नीट खाता ना? फक्त एवढं करा, तुमच्या त्या देवधर मॅडमना सांगा, सुजाता भित्री आहे, पण कामचुकार नाही. रात्री झोपेतसुद्धा 'सॉरी मॅडम' म्हणते. मॅडम फार कडक आहेत म्हणे. बोलल्या की दार लावून घेतल्यासारखं वाटतं, असं सांगत होती. पण माणूस म्हणून चांगल्या असतील."

"नसतीलही," मागून बाबा.

"तुम्ही गप्प बसा. बाई, काहीतरी बोला की! नुसतं काय ऐकून घेताय? बरं. राहिलं. मी येतेच तिकडे. समोरासमोर विचारते."

फोन ठेवल्याचा आवाज. जगताप साहेब छापलेले कागद एकसारखे करत होते. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, आणि मी त्या काचेच्या इमारतीत आगीची घंटा कुठे कुठे आहे ते आठवत होते.

तेवढ्यात मीटिंग रूममधला फोन वाजला.

मी दचकले. साहेब उठले. पण ते फोनपर्यंत पोचायच्या आत, दुसरी रिंग पुरी व्हायच्या आधी, यंत्राने तो उचलला.

"कोणाचा होता?" मॅडम म्हणाल्या.

"गेटचा असणार," साहेब म्हणाले.

"काय म्हणतायत?"

"ते ईमेल आल्यावर कळेल, मॅडम," मी म्हणाले.

आणि आम्ही चौघं, फोनच्या समोर उभे राहून, त्याच फोनवर कोणी काय सांगितलं हे कळावं म्हणून ईमेलची वाट बघत राहिलो. मॅडमनी घड्याळ बघितलं. एकदाच.

ईमेल आला. गेटवरचा रखवालदार होता.

"साहेब, ती संशयित आलीया. बाई हाय. पिशवी हाय तिच्याकडं. चौकीत बसवलीय. पिशवीत डबा हाय. उघडू का, का लांबच ऱ्हाऊ?"

जगताप साहेब पळत गेले. सुभेदाराला पळताना मी पहिल्यांदाच बघितलं. थोड्या वेळाने ते आईला घेऊन आले, तिची पिशवी स्वतःच्या हातात धरून, "या ताई, जपून, पायरी आहे," असं म्हणत.

आई दारात थांबली. तिने मला बघितलं.

"तू इथे आहेस?"

"मी कुठे असणार, आई?"

"मी स्वारगेटला सगळी बाकं बघून आले," आई म्हणाली, आणि पदराने चेहरा पुसला. घाम पुसला असं तिचं आजही म्हणणं आहे.

"या, बसा," मॅडम म्हणाल्या. "मी देवधर. शनिवार पेठेतली."

आई अर्धी बसली होती, ती तशीच राहिली. मग सावरून बसली आणि एकदम कामाचंच बोलली.

"ती बाई कुठे आहे? तिला रागावू नका. मला फक्त बघायचीय. रोज माझा फोन उचलते, त्यामुळे ओळख झाल्यासारखी झालीय."

मॅडम माझ्याकडे वळल्या. "बोलवा त्यांना."

"मॅडम…"

"फोनवर म्हणता तसं म्हणून दाखवा. उभं राहून. नाकातून."

काय करणार? मी उभी राहिले. तोंडाला कोरड पडलेली, धाप लागलेली. त्यामुळे अगदी हुबेहूब आलं. "सुजाता इज नॉट अवेलेबल ॲट हर…"

आई खुर्चीतून उठली आणि माझ्या नाकासमोर बोट धरलं.

"हीच! हीच ती बाई!"

मग बोट तसंच ठेवून तिने माझ्याकडे नीट बघितलं. आधी त्या बाईकडे, मग माझ्याकडे, असं बघितल्यासारखं.

"अगं, तू स्वतःच लोकांना सांगतेस, सुजाता नाही म्हणून? आणि तेही इतकी घाबरून?"

त्या खोलीतल्या कोणीही मला मदत केली नाही. निखिल टेबलाखाली पडलेलं काहीतरी शोधत होता. काही पडलेलं नव्हतं.

आईने डबा उघडला. मी बाकावर उपाशी सापडेन म्हणून तिने कोथिंबीर वड्या आणल्या होत्या. त्या जगताप साहेबांनी खाल्ल्या, निखिलने खाल्ल्या, मॅडमनीसुद्धा एक घेतली, आणि खाऊन झाल्यावर बोलल्या.

"तुमच्या आईंनी जे टेस्टिंग केलं, ते आपल्या टीममधल्या एकानेही केलेलं नाही. बाहेरचा माणूस, आधी काही सांगितलेलं नाही, रोज नेमाने फोन. एकही निरोप गहाळ नाही. आवाज इतका स्पष्ट की कुकर कळतो. दोष एकच, यंत्र फार लवकर उचलतं. ते सेटिंग कोणी केलं?"

"मी, मॅडम."

"का?"

"ग्राहकाला ताटकळत…" मी सुरू केलं. मग आईकडे बघितलं. "फोन वाजला की मी दचकते, मॅडम."

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. माझा श्वास पुन्हा त्या ईमेलमधल्यासारखा झाला.

"रिंगा वाढवा. निरोप आधी ऐकायचे, मग पुढे पाठवायचे. आणि कन्फर्मेशनवर मी सही करतेय," त्या म्हणाल्या. "नाही केली, तर तुम्ही खरोखरच स्वारगेटला जाऊन बसाल, आणि यांना पुन्हा सगळी बाकं बघावी लागतील. या आपण."

दारापर्यंत गेल्यावर त्यांनी आईला थांबवलं. "आणि हो. माणूस म्हणून मी बरी आहे. यांच्या वडिलांना कळवा."

मी त्याच दिवशी रिंगा वाढवल्या. आता आईच्या दोन रिंगा पूर्वीसारख्या येणार, मी उलट दोन देणार, सगळं सुरळीत. असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. दोन रिंगा झाल्या. थांबेना. तिसरी झाली. मी धीर करून उचलला.

"तू कशाला उचललास?" आई म्हणाली. "ठेव. मला त्या बाईशी बोलायचंय."

"अगं आई, ती बाई मीच आहे!"

"असशील. पण ती मधे बोलत नाही, आणि शेवटपर्यंत ऐकून घेते. तू ठेव बघू."

मी ठेवला. फोन पुन्हा वाजला. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले आणि यंत्राला उचलू दिला. लाल दिवा लागला. ईमेल आला. ड्रॉवरचं कुलूप काढून मी इअरफोन लावले आणि या वेळी पूर्ण ऐकला.

"हॅलो, बाई. बऱ्या आहात ना? सुजाताला सांगा, येताना कोथिंबीर आण म्हणावं, कालच्या वड्यांत सगळी संपली. आणि जरा हळू सांगा हं. दचकते ती."